ओपन स्पेसचं सुशोभीकरण: आधी मोजणी, मग मागणी

प्रश्न असा आहे. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका कॉलनीत साधारण १० गुंठ्यांचा ओपन स्पेस, म्हणजे सगळ्यांसाठी मोकळी राखलेली जागा, आणि त्याला लागून १२ मीटरचा रस्ता. सकाळी ज्येष्ठ नागरिक फेऱ्या मारतात, दुपारी रिक्षावाले झाडाखाली थांबतात, संध्याकाळी मुलं क्रिकेट खेळतात. चार वाजल्यापासून रस्त्याच्या कडेला दहा-बारा भाजीवाले आणि पाणीपुरीच्या दोन गाड्या लागतात. आता महापालिकेच्या निधीतून सुशोभीकरण होणार आहे. प्रस्तावात कारंजं, सेल्फी पॉइंट, ग्रीन जिम, लॉन आणि पाच फुटी कंपाउंड वॉल आहे. काही रहिवाशांना भाजीवाले हटवायचे आहेत, काहींना क्रिकेट बंद करायचं आहे. महापालिकेकडे नेमकं काय मागावं, असं विचारलं आहे.

आधी थोडक्यात सांगतो. आज ही जागा कोण, कधी, कशासाठी वापरतं याची नोंद होईपर्यंत काहीच मागू नका. नोंद झाली की तिच्यात जे दिसेल त्यालाच जागा, सावली, पाणी आणि उजेड मागा.

तुमच्या वर्णनातच चार गट दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी एकच जागा वापरताना दिसतात. कुणी आखून न देता ही वाटणी वर्षानुवर्षांच्या सवयीनं बसलेली आहे. प्रस्ताव मात्र जागा रिकामी आहे असं धरून केलेला दिसतो. लॉन आलं की क्रिकेट गेलं, भिंत आली की भाजी घेता घेता आत मुलांवर राहणारी नजर गेली, आणि नजर गेली की वर्षभरात तोच कोपरा रात्री बसणाऱ्यांचा होतो. मग गेटला कुलूप लागतं. शहरात अशी कुलूपबंद उद्यानं पुष्कळ आहेत आणि त्यांच्या दुरवस्थेचं मूळ बहुतेक वेळा देखभालीच्या आधी, आराखड्यातच असतं.

खरं तर नाशिककरांना जागा वापरायला शिकवण्याची गरज नाही. गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो तो पक्क्या गाळ्यांशिवाय. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं याकडे बघून विक्रेते आपली पथारी आवरतात. उचलता येईल तेवढंच मांडायचं, हा त्या बाजाराचा नियम आहे. त्याच घाटावरच्या यशवंतराव महाराज पटांगणात मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला होते. एरवी ते नुसतं मोकळं पटांगण असतं. पिंपळपारावर दिवाळीत पाडवा पहाट रंगते आणि दुसऱ्या दिवशी तिथं पुन्हा नेहमीची वर्दळ सुरू होते. या जागा चालतात कारण त्या एकाच कामासाठी बांधून ठेवलेल्या नाहीत. तुमच्या १० गुंठ्यांसाठी, म्हणजे जेमतेम १,००० चौरस मीटरसाठी, हेच सूत्र धरा.

आता मोजणी. चार माणसं, घड्याळ, पॅड आणि एका पानावर बसणारा नकाशा एवढ्यावर ती होते. नकाशा १:२०० प्रमाणात काढला तर ३० मीटरची बाजू कागदावर १५ सेंटीमीटर येते आणि प्रत्येक झाड, खांब, चेंबर, गेट त्यावर दाखवता येतं. मंगळवार ते गुरुवारमधला एक दिवस घ्या आणि एक रविवार. सणाचा आणि शाळेच्या सुट्टीचा आठवडा टाळा. वेळा अशा धरा: सकाळी ६ ते ८, दुपारी १२ ते २, संध्याकाळी ४ ते ९ आणि रात्री १० ते ११. रात्रीचा तास लोक हमखास गाळतात, आणि तक्रारी तर बहुतेक त्याच तासातल्या असतात.

दोन प्रकारच्या नोंदी लागतात. पहिली चालणाऱ्यांची. रस्त्यावर मनात एक आडवी रेघ धरा आणि दर तासाला १० मिनिटं ती ओलांडणारी माणसं दोन्ही दिशांनी मोजा. आकड्याला ६ ने गुणलं की तासाचा अंदाज येतो. पुरुष, स्त्रिया, मुलं, ज्येष्ठ अशा चार रकान्यांत खुणा करा. फुटपाथवरून किती गेले आणि रस्त्यावरून किती, हेही वेगळं लिहा. फुटपाथ असूनही निम्म्याहून जास्त लोक रस्त्यावरून चालत असतील तर त्या फुटपाथमध्ये दोष आहे, लोकांमध्ये नाही.

दुसरी नोंद थांबलेल्यांची. ही जास्त मोलाची, आणि हिच्याकडेच दुर्लक्ष होतं. दर तासाला जागेला एक फेरी मारायची आणि त्या क्षणी जो जिथं आहे तिथं नकाशावर खूण करायची: उभा, बाकावर बसलेला, बाक नसलेल्या ठिकाणी बसलेला, खरेदी करणारा, खेळणारा, कुणाची तरी वाट बघणारा. प्रत्येक तासाला नवा कागद. दिवसअखेर हे कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरा. खुणांची दाटी कुठं होते, कुठं कुणीच फिरकत नाही, आणि सावलीबरोबर माणसं कशी सरकतात, हे एका नजरेत कळतं. बाक नसलेल्या ठिकाणी बसलेल्यांची खूण सगळ्यात महत्त्वाची. माणसं पायरीवर, चेंबरच्या झाकणावर किंवा गाडीच्या सीटवर बसत असतील, तर बसायची जागा कुठं हवी ते त्यांनी दाखवून दिलेलं असतं.

माणसं नसतानाही जागा पुष्कळ सांगते. मातीत पडलेली पायवाट, कुंपणाची वाकवलेली तार, कागदी कपांचा ढीग, बुंध्याजवळ घासून गुळगुळीत झालेला दगड, पावसानंतर दोन दिवस न आटणारं डबकं, हे सगळं नकाशावर घ्या. पायवाट जिथून गेलीय तिथूनच पक्की वाट काढा. ठेकेदार काटकोनात वाट घालतो, लोक कोपरा कापून जातात, आणि मग ‘लॉनवर चालू नये’ अशी पाटी लावावी लागते.

आकडे हाती आले की आधी स्त्रियांचं प्रमाण बघा. संध्याकाळी सहाला निम्म्या स्त्रिया असतील आणि साडेआठला तेच प्रमाण पाचात एकावर येत असेल, तर कारण बहुतेक तीनांपैकी एक असतं: उजेड सारखा नाही, बाहेर पडायला एकच वाट आहे, किंवा एकमेव वाट एखाद्या घोळक्यासमोरून जाते. यांतलं काहीच कारंज्यानं सुटत नाही. सुटतं ते दुसऱ्या गेटनं आणि चार जास्तीच्या दिव्यांनी.

मोजणीनंतर लगेच बांधकामाकडे जाऊ नका. मध्ये दोन आठवड्यांची तालीम घ्या. फक्कीनं वाटा, खेळाची जागा आणि विक्रेत्यांचे चौकोन आखा. मंडपवाल्याकडून वीस प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्यानं आणा आणि संध्याकाळी कुठंही ठेवून द्या. रात्री खुर्च्या गोळा करण्याआधी प्रत्येक खुर्ची कुठं सरकली आणि तिचं तोंड कुठं वळलं ते नकाशावर घ्या. चार-पाच रात्रींत नक्षी दिसू लागते: तिघा-चौघांचे गोल, झाडाला पाठ, तोंड वर्दळीकडे. न्यूयॉर्कच्या चौकांचा कॅमेरे लावून अभ्यास करणाऱ्या विल्यम व्हाइट यांनाही हेच आढळलं होतं. हलवता येणारी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती थोडी तरी सरकवतोच, आणि माणसं जिथं आधीच माणसं आहेत तिथंच जाऊन बसतात. हे इंदिरानगरातही तसंच दिसेल. निविदा निघाल्यावर बाकाची जागा बदलून घेणं फार अवघड जातं, फक्कीची रेघ पायानं पुसता येते.

आता भाजीवाले. वाद इथंच आहे, म्हणून जरा तपशिलात जातो.

विक्रेता कुठंही बसत नाही. जिथं माणसाचा वेग कमी होतो तिथं तो बसतो: बसथांबा, शाळेचं गेट, देऊळ, कॉलनीचा तोंडचा कोपरा. ऑफिसातून घरी येणारा माणूस घराच्या शेवटच्या वळणावर भाजी घेतो, त्यासाठी वाट वाकडी करत नाही. म्हणून विक्रेत्यांना आतल्या बोळात किंवा इमारतीत हलवण्याचे बेत फसतात. गणेशवाडीत महापालिकेनं भाजी मंडईची इमारत उभारली, तरी विक्रेते बरीच वर्षं गोदाघाटाचा रस्ता सोडायला तयार नव्हते. गिऱ्हाईक रस्त्यावरून जात असेल तर पहिला आत जाणारा तोट्यात जातो. त्यामुळे कुणीच आत जात नाही. तुमच्या कोपऱ्यावरून हटवलेले विक्रेते आठवडाभरात पन्नास मीटरवर दुसऱ्या कुणाच्या तरी गेटसमोर दिसतील.

कायदाही माहीत असू द्या. पथविक्रेता अधिनियम, २०१४ प्रमाणे महापालिकेनं दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं असतं, आणि ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रं देईपर्यंत सर्वेक्षणातल्या कुणालाही उठवता येत नाही. प्रभागाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावं, असा त्यात निकष आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. म्हणजे त्या हिशेबानं सुमारे ३७ हजार विक्रेते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडून आलेले आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. जागेवरून हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते, आणि दंड भरून मागणी केल्यावर नाशिवंत माल त्याच दिवशी परत करावा लागतो. ‘उद्या गाडी बोलवून उचलून टाका’ हा मार्ग म्हणूनच कायद्यात बसत नाही, आणि पालकची जुडी विकून घर चालवणाऱ्या बाईवर तो वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी त्यांना रस्त्याच्या मापात बसवा. १२ मीटरचा हिशेब असा होतो. दोन्ही बाजूंना १.८ मीटरचे फुटपाथ, ओपन स्पेसच्या बाजूला २ मीटरची विक्री आणि पार्किंगची पट्टी, आणि वाहनांसाठी ६ मीटर. बेरीज ११.६, उरलेले ४० सेंटीमीटर कर्ब, म्हणजे फुटपाथच्या कडेचे दगड, आणि पाण्याच्या चॅनेलला जातात. कॉलनीच्या रस्त्याला ६ मीटर पुरतात, समोरासमोरच्या दोन गाड्या सावकाश निघून जातात. मोकळा रस्ता यापेक्षा रुंद ठेवलात तर वेग वाढेल आणि कडेला कार उभ्या राहतील. माणसांच्या वाट्याला काही येणार नाही.

हातगाडी साधारण १.८ मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद असते. पाल टाकून खाली बसणाऱ्याला १.५ बाय १.२ मीटर लागतात. गाडीमागं विक्रेत्याला ६० सेंटीमीटर आणि पुढं गिऱ्हाइकाला किमान ९० सेंटीमीटर धरा. गाडीचं तोंड कुठं, यावर पुढचं सगळं ठरतं. तोंड रस्त्याकडे असेल तर गिऱ्हाईक स्कूटर चालू ठेवूनच कोथिंबिरीचा भाव करतं, मागं दुसरी स्कूटर थांबते आणि पाच मिनिटांत रस्ता तुंबतो. तोंड फुटपाथकडे वळवलं की गिऱ्हाइकाला उतरावं लागतं. पण तेव्हा त्याचे ९० सेंटीमीटर १.८ मीटरच्या चालण्याच्या पट्टीतून जाता कामा नयेत. तुमच्याकडे सोय ही, की फुटपाथच्या पलीकडे ओपन स्पेस आहे. विक्रीच्या २५ मीटरमध्ये कुंपण मीटरभर आत घ्या आणि फुटपाथ तेवढा रुंद करा. ही एक गोष्ट मिळाली तर बाकीच्या निम्म्या तक्रारी मिटतात. दर पाच-सहा गाड्यांनंतर अडीच-तीन मीटरची फट सोडा, म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्याला वाट मिळते. दुचाकींसाठी २ बाय १ मीटरच्या दहा जागा वीस-तीस मीटरच्या आत आखा. याहून लांब आखल्यात तर कुणी वापरणार नाही.

सोबत एक नळ, ओल्या कचऱ्याचे दोन मोठे डबे, विजेचा अधिकृत मीटर आणि जवळच स्त्रियांसाठी स्वच्छतागृह मागा. दुपारी चार ते रात्री नऊ बसणाऱ्या भाजीवाल्या बायका पाणी पिणं टाळतात, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. स्वच्छतागृह ज्येष्ठांनाही लागतंच. ज्येष्ठ अर्ध्या तासाच्या आत घरी परतत असतील तर हेही त्याचं एक कारण असू शकतं. पाणीपुरी आणि चहाच्या गाड्या नळाच्या आणि चॅनेलच्या टोकाला ठेवा. त्यांचं सांडपाणी उताराच्या वरच्या बाजूला पडलं तर ते सगळ्या रांगेखालून वाहतं.

फुटपाथच्या तपशिलात तीन गोष्टी बिघडतात. पहिली, उंची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी मार्गदर्शिकेत कर्ब १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको आणि चालण्याची मोकळी रुंदी १.८ मीटर, मोकळी उंची २.२ मीटर हवी असं सांगितलं आहे. प्रत्यक्षात फूटभर उंच फुटपाथ होतो, प्रत्येक बंगल्याच्या गेटपाशी तो खाली उतरतो आणि परत चढतो. गुडघे दुखणारा माणूस शंभर मीटरमध्ये आठ वेळा चढ-उतार करणार नाही. तो रस्त्यावर उतरतो. फुटपाथ गेटपाशीही सलग एकाच पातळीत न्यायचा आणि गाडीसाठीचा उतार फक्त बाहेरच्या अर्ध्या मीटरच्या पट्टीत द्यायचा, असं ड्रॉइंगवर लिहून घ्या. व्हीलचेअरच्या रॅम्पला उतार १:१२.

दुसरी, खालची माती. भागात काळी माती असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर थेट पेव्हर ब्लॉक बसवले की दुसऱ्या पावसाळ्यात लाटा उठतात. किमान ३०० मिलिमीटर काळी माती काढून १५० मिलिमीटरच्या थरांत मुरूम भरून, पाणी मारून दाबून घ्यावा लागतो. त्यावर खडीचा थर, मग ३०-४० मिलिमीटर वाळू आणि वर ब्लॉक: माणसांसाठी ६० मिलिमीटर जाडीचे, गाडी चढणार असेल तिथं ८० चे. कडेला कर्बचा आधार नसला तर ब्लॉक बाहेर सरकतात आणि सांधे उघडतात. पाण्याला ५० ला १ उतार द्या. चकचकीत ब्लॉक घेऊ नका, पावसात घसरतात.

तिसरी, बोलार्ड. दुचाकी फुटपाथवर चढू नये म्हणून खांब रोवतात. पण जिथून व्हीलचेअर जाते तिथून स्कूटरही जाते, हे मापच असं आहे. ९० सेंटीमीटरपेक्षा कमी फट ठेवली तर फक्त व्हीलचेअर अडते. कार अडवायला बोलार्ड उपयोगी आहेत. दुचाकीवर उपाय वर सांगितलेल्या दहा जागांचाच.

बसण्याबद्दल. बाकाची उंची ४५० मिलिमीटर हवी, ज्येष्ठांसाठी पाठ आणि हात टेकायला दांडा. दांड्याला रेटा देऊन उठता येतं, तो शोभेसाठी नसतो. कट्टा करणार असाल तर बसायची रुंदी, पुढून मागपर्यंत, ६०० मिलिमीटर ठेवा, म्हणजे मांडी घालून बसता येतं. नेहमीच्या ४०० च्या कट्ट्यावर बायका भाजी निवडत बसू शकत नाहीत. एका ओळीत सहा बाक टाकू नका; दोन बाक काटकोनात ठेवले की चौघांच्या गप्पा होतात. दिशा बघा. संध्याकाळी वापरायचा बाक पश्चिमेकडे तोंड करून, उघड्यावर असेल तर एप्रिलमध्ये सहापर्यंत तो रिकामाच राहील. थंडीत मात्र सकाळी आठच्या उन्हात बसायला सगळ्यांना आवडतं, म्हणून दोन बाक पूर्वेकडे तोंड करून मोकळ्यावर ठेवा. काळा ग्रॅनाइट मे महिन्यात चटके देतो.

झाडाभोवती पार बांधण्याची मागणी येईलच, ती मान्य करा, पण बुंध्यापासून किमान १ मीटर माती उघडी ठेवून. पारात भराव घालून बुंधा झाकला की साल कुजते, मुळांची हवा तुटते आणि चार-सहा वर्षांत झाड वरून वाळायला लागतं. पाराचा कठडा सुट्या खांबांवर उचलून धरलेला असला तर मुळंही वाचतात. रिक्षावाल्यांचं थांबणं याच झाडाशी बांधलेलं आहे. फुटपाथच्या बाजूला तीन रिक्षांची जागा आखून द्या. रिक्षा थांबलेल्या असतात तिथं दुपारीही कुणीतरी जागं असतं.

क्रिकेट बंद करू नका. शहरात मुलांना खेळायला अशा जागा फार थोड्या उरल्या आहेत. १० गुंठ्यांत मोठं मैदान होत नाही, पण १५ बाय २२ मीटरचा दाबलेल्या मुरुमाचा चौकोन होतो, आणि टेनिस बॉलला तो पुरतो. खिडक्यांच्या बाजूला ३ मीटर उंच जाळी लावा. त्याच चौकोनात सकाळी योगासनं होतील आणि गणपतीत मंडप. लॉन मागण्याआधी पाण्याचा हिशेब करा: उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज साधारण ५ लिटर, म्हणजे ४०० चौरस मीटरला रोज २,००० लिटर. बोअरवेल मार्चमध्ये आटत असेल तर लॉन एप्रिलमध्ये गेलंच. घसरगुंडी पत्र्याची असेल तर सावलीत किंवा उत्तरेकडे तोंड करून. ग्रीन जिमची चार उपकरणं पुरे, आणि ती बसणाऱ्यांच्या नजरेसमोर. आडोशाला ठेवली की स्त्रिया वापरत नाहीत.

कारंज्याला नकार द्या. पंप जळतो, बिल थकतं, मग त्यात पाणी साचतं आणि डासांची पैदास होते. सेल्फी पॉइंटलाही.

भिंतीऐवजी आरपार दिसणारी ग्रिल घ्या, उंची ९० सेंटीमीटर ते १ मीटर, आणि दोन समोरासमोरच्या बाजूंना गेट. दिव्यांचे खांब ४-५ मीटर उंचीचे आणि जास्त संख्येनं. एका हायमास्टचा, म्हणजे खूप उंच खांबावरच्या दिव्यांचा, उजेड झाडांच्या शेंड्यांवर पडतो आणि खाली दाट काळोख राहतो. खांबाची जागा झाडाच्या आजच्या विस्तारावरून ठरवू नका, पाच वर्षांनी फांद्या कुठं असतील ते बघा.

एक गोष्ट आराखड्यात कधीच दिसत नाही: वर्षातून एकदाच लागणारी जागा. जुन्या नाशकातल्या रहाडी हे त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण. पेशवेकालीन रंगाचे हौद रस्त्याच्या पोटात आहेत. वर्षभर त्यांच्यावर लाकडं आणि माती असते, वरून माणसं आणि गाड्या जातात, आणि रंगपंचमीला तिवंधा चौकात, दिल्ली दरवाजाला, पंचवटीत शनी चौकात ते उघडून, पूजा करून, ठरलेला रंग तयार करून त्यात उड्या मारतात. रस्त्यानं एका दिवसापुरतं वेगळं होण्याची सोय तिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. अशा रस्त्यावर काँक्रिटीकरण किंवा पाइपलाइन करताना रहाडीची जागा ड्रॉइंगवर नसली तर ती एका खोदाईत जाईल. तुमच्याकडेही गणपती, नवरात्र, एखादं लग्न, एखाद्या घरची दुःखाची वेळ आहेच. मंडपाच्या खांबांसाठी दरवर्षी ब्लॉक फोडले जातात. त्याऐवजी मंडपवाल्याला विचारून त्याच्या मापाच्या अंतरावर जमिनीत झाकणाचे लोखंडी पाइप बसवून घ्या. खर्च किरकोळ आहे. आरतीच्या गर्दीचाही विचार करा: माणसं ज्या दिशेनं बाहेर पडतात तिथं रुंदी कुठंही कमी होता कामा नये, पायरी किंवा खांब मध्ये येता कामा नये. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थात पंचवटीतल्या अरुंद रस्त्यावर झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक दगावले. गर्दीचा जीव रुंदीवर अवलंबून असतो, हे या शहरानं फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे.

आता कागद. आधी मंजूर अभिन्यासाची (लेआउटची) प्रत काढा आणि ओपन स्पेस महापालिकेच्या नावावर झाला आहे का ते सातबारावर बघा. नसेल तर खर्चावर पुढं लेखा आक्षेप येतो आणि काम अर्धवट थांबतं. मग अंदाजपत्रक मागा. त्यात खोदाई आणि मुरुमाची बाब आहे का, ब्लॉकची जाडी किती, दोष दायित्व कालावधी (ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्ती करून द्यायचा काळ) किती वर्षांचा, या तीन ओळी आधी वाचा. उद्यान, बांधकाम, विद्युत आणि अतिक्रमण असे चार विभाग यात येतात आणि ते एकमेकांचे नकाशे बघतीलच असं नाही. म्हणून विभागीय अधिकाऱ्यांकडे एकच संयुक्त पाहणी मागा, संध्याकाळी सहाची. सकाळी अकराला ही जागा रिकामी दिसते आणि तिथंच सगळा गैरसमज होतो. पाहणीला दोन विक्रेते, दोन ज्येष्ठ, दोन मुलं आणि एक रिक्षावाला हजर असू द्या.

काम टप्प्यांत मागा, रस्त्याचे पन्नास-पन्नास मीटर. अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रस्ता ठरलेल्या मुदतीपेक्षा फार लांबला आणि तोवर त्या भागाची ये-जा विस्कटलेली राहिली. तुमच्या विक्रेत्यांना महिनाभर जागा मिळाली नाही तर ते दुसरीकडे बसतील आणि गिऱ्हाईकही त्यांच्यामागं जाईल. एका टोकाचं काम चालू असताना दुसऱ्या टोकाला सगळ्यांना सामावून घ्या.

काम संपल्यावर तीन महिन्यांनी तीच मोजणी, त्याच वारी, त्याच तासांना पुन्हा करा, आणि एकदा जुलै-ऑगस्टच्या पावसात. रात्री साडेआठनंतर स्त्रिया किती, फुटपाथवरून चालणारे किती, बाक नसलेल्या ठिकाणी बसलेले किती, हे तीन आकडे आधीच्या आकड्यांशेजारी लिहून विभागीय कार्यालयात आवक क्रमांकासह द्या. दोष दायित्वाचा कालावधी संपायच्या आत दिलेली ही तुलना दुरुस्तीसाठी उपयोगी पडते. नंतर दिली तर त्याच दुरुस्तीला नवा निधी शोधावा लागतो.